कागदपत्रांची छाननी आणि संगणक

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





व्याख्यान स्मरणिकेत छापावे अशी संपादकांची इच्छा असल्याने ते वाचकांना उद्देशूनच लिहून काढले आहे. विषय वरवर पाहता वकिलांच्या कचेरीतला आहे. कोर्टकज्ज्यातील हजारो कागद एका ठिकाणी साठवून त्यांतून कामाचा कागद वेचून काढणाऱ्या ज्या संगणकप्रणाली आज वापरात आहेत, त्यांत नवे काय आले आणि जुने काय बदलले, हे मला तुम्हांला सांगायचे आहे. पण ज्या संस्थेकडे एक इमारत आहे, लेखी घटना आहे, विश्वस्तांचे बदल आहेत आणि लोखंडी कपाटात बासनात बांधलेली दप्तरे आहेत, तिला हा विषय परका नाही. दस्तऐवज, फिर्याद, अर्ज, मुदत, वकील हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इतके मुरले की आज ते परके आहेत असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा कागद सांभाळणे हे आपल्या घरातलेच काम समजावे.

बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ साली मुंबईत बॅरिस्टर म्हणून उभे राहिले, तेव्हा छाननी म्हणजे कारकुनाने कागद लावायचे, वर आकडे घालायचे आणि वकिलाने दिव्याखाली बसून ते वाचायचे. संगणक आला तेव्हा प्रथम त्याने एवढेच केले की प्रत्येक कागदाचे एक टिपण ठेवले : तारीख, लिहिणारा, ज्याला लिहिले तो, आणि एका ओळीत मजकूर. पुढे पानाची प्रतिमा आली, प्रतिमेवरून अक्षरे ओळखण्याची सोय आली, आणि मग एखादा शब्द टाकला की तो ज्या ज्या कागदात असेल ते सारे कागद समोर येऊ लागले. लोकांना वाटले, काम संपले.

ते संपले नव्हते, हे १९८५ साली दोन अमेरिकन अभ्यासकांनी, ब्लेअर आणि मॅरन यांनी, दाखवून दिले. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपनगरी रेल्वेच्या एका अपघातावरून झालेल्या दाव्यात सुमारे ४० हजार कागद, म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास पाने, संगणकात होती. वकिलांची समजूत अशी होती की, कामाच्या कागदांपैकी निदान ७५ टक्के आपल्या हाती आले आहेत. प्रत्यक्ष मोजले तेव्हा सुमारे २० टक्केच निघाले. कारण अगदी साधे आहे. एका पक्षाने ज्याला ‘अपघात’ म्हटले, त्यालाच दुसऱ्या पक्षाच्या लोकांनी ‘दुर्दैवी घटना’ म्हटले होते. कोणी नुसतेच ‘अडचण’ म्हणून मोकळा झाला होता. ‘अपघात’ हा शब्द शोधणाऱ्याला ते कागद सापडणार कसे?

आता हेच मुंबईत आणून पाहा. गिरगावातल्या एखाद्या चाळीचे खरेदीखत ‘गिरगाव बॅक रोड’ म्हणते, आणि आज आपण त्या रस्त्याला विठ्ठलभाई पटेल रोड म्हणतो. लॅमिंग्टन रोड आता डॉ. भडकमकर मार्ग आहे. दादरचा व्हिन्सेंट रोड डॉ. आंबेडकर रोड झाला, कॅडेल रोड वीर सावरकर मार्ग झाला. आजच्या नावाने शोध घेणाऱ्याला पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा कागद मिळणारच नाही. उलट, नाही मिळाला म्हणून तो अस्तित्वातच नाही अशी त्याची खात्री होईल, आणि ही खात्री फार महाग पडते.

नावांची गोष्ट याहून अवघड. ज्या नावाने आपल्यातील अर्ध्या घरांत हाक मारली जाते, ते पैगंबरांचे नाव इंग्रजी कागदांत कुठे ‘महोमेद’ आहे, कुठे ‘मोहमद’, कुठे ‘मुहम्मद’, तर कुठे घाईत नुसते ‘मोहद’. मराठी कागदात ‘महंमद’ आणि ‘मोहम्मद’ दोन्ही भेटतात. शेख, शैख, काझी, काजी. एकाच माणसाला एका दस्तात ‘वल्द’ घालून बापाच्या नावाने लिहिलेले असते आणि दुसऱ्या दस्तात गावावरून पडलेल्या आडनावाने. यंत्राच्या दृष्टीने ही दोन माणसे झाली. वारसाचा हक्क ठरवताना यातून काय काय निघते ते वकिली करणाऱ्यांना विचारा.

मुंबई शहरापुरता यावर एक चांगला तोडगा आहे आणि तो संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. शहरातील प्रत्येक भूखंडाला विभागवार सी. एस. नंबर आहे : गिरगाव विभाग, दादर-नायगाव विभाग, परळ-शिवडी विभाग, लोअर परळ विभाग असे. रस्त्याचे नाव बदलते, घराचा नंबर बदलतो, मालक बदलतात, पण या क्रमांकावरून जागा ओळखता येते. मात्र फार जुन्या कागदावर तोही नसतो. तिथे लॉटन यांच्या पाहणीचा नंबर किंवा कलेक्टरचा ‘नवा’ आणि ‘जुना’ नंबर असतो. हे सगळे नंबर एकमेकांसमोर मांडलेला एक तक्ता संस्थेकडे असला, तर पुढचे कोणतेही यंत्र त्यावर काम करू शकेल. तो नसेल तर कितीही महागडे यंत्र आणा, ते अंधारातच चाचपडेल.

आता नव्या सुधारणांकडे येतो. पहिली सुधारणा अशी की, एकाच कागदाच्या पन्नास प्रती असल्या तर यंत्र त्या ओळखून एकच पुढे ठेवते, आणि थोडाफार फरक असलेले मसुदे शेजारी शेजारी लावून फरक दाखवते. पत्रव्यवहाराची माळही ओवून देते. ही सोय मोठी असली तरी तिच्यात नवल असे काही नाही. खरा बदल दुसरा. अनुभवी वकिलाने काही शे कागद वाचून ‘कामाचा’, ‘बिनकामाचा’ अशी खूण करायची, त्यावरून यंत्राने शिकायचे आणि उरलेले लाखो कागद कामाचे वाटतील तसे क्रमाने लावायचे. या पद्धतीला न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशांनी, अँड्र्यू पेक यांनी, २०१२ साली एका दाव्यात मान्यता दिली; इंग्लंडमध्ये ती २०१६ साली मिळाली. पूर्वी शिकवणी एकदाच होत असे. आता वकील जसजशा खुणा करत जातो तसतसे यंत्र क्रम बदलत जाते. ब्लेअर-मॅरन यांनी दाखवलेल्या दुखण्यावर हा बराच उतारा आहे, कारण येथे शोध एका शब्दावर अडून राहत नाही.

२०२३ नंतर आणखी एक पाऊल पडले. कज्जा कशाचा आहे हे साध्या भाषेत यंत्राला लिहून द्यायचे. ते प्रत्येक कागद वाचून तो कामाचा का, हे कारणासह सांगते आणि ज्या ओळींवरून तसे म्हटले त्या ओळी काढून दाखवते. माझ्या मते या सबंध प्रकारात विश्वास ठेवण्याजोगी गोष्ट ही ओळ दाखवण्याचीच आहे. जे यंत्र नुसता निष्कर्ष सांगते आणि ओळ दाखवत नाही, ते कचेरीत ठेवू नये. अमेरिकेत २०२३ साली दोन वकिलांनी अशाच यंत्राने रचलेले, कधीच न झालेले निवाडे कोर्टापुढे ठेवले आणि दंड भरला. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ साली आयकराचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून घेतलेले निवाडे मुळी अस्तित्वातच नव्हते. यंत्राने दिलेले उत्तर पडताळून घ्यावे, असेही न्यायालयाने बजावले. त्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढून, निर्णय देण्याच्या कामी अशा यंत्राचा वापर करण्यास मनाई केली.

पण हे सारे वाचन अक्षर ओळखल्यानंतरचे. आपले कागद कोणत्या अक्षरांत आहेत? कोकणातल्या कागदांत मोडी. मेमन, खोजा, बोहरा घराण्यांचे व्यवहार गुजरातीत. निकाहनामे आणि वक्फनामे उर्दूत, कधी फारसीत, आणि तेही घाईने लिहिलेल्या शिकस्त हातात. छापील देवनागरी यंत्र आता बऱ्यापैकी वाचते. उर्दूची नस्तालीक अक्षरे एकावर एक तिरकी चढतात तेथे ते अडखळते. हाताने लिहिलेल्या मोडीपुढे तर वकिलांच्या कचेरीतील नेहमीची यंत्रे हात टेकतात. मग असे कागद ‘मजकूर नाही’ या खात्यात जमा होतात. छाननीच्या अहवालात त्यांचा एक आकडा तेवढा येतो आणि कोणी ते उघडत नाही. मी म्हणतो, आपल्या संस्थांच्या बाबतीत तो गठ्ठा सर्वांत आधी उघडला पाहिजे, कारण मूळ दानपत्र, मूळ वक्फनामा तेथेच असण्याचा संभव अधिक. १८६६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अर्नोल्ड यांच्यापुढे आगाखान खटला चालला. तेव्हा खोजा समाज मूळचा कोण हे ठरवताना त्या समाजाच्या जुन्या धर्मग्रंथाचाही विचार करावा लागला होता. वाचणारा माणूस होता म्हणून ते झाले.

येथे विद्यार्थ्यांसाठी थोडे बोलतो. २००४ साली पँजिया-थ्री नावाची कंपनी निघाली आणि मुंबईतल्या तरुण वकिलांकडून अमेरिकन कज्ज्यांतील कागदांचे पहिले वाचन करून घेऊ लागली. २०१० साली ती थॉमसन रॉयटर्सने घेतली, २०१९ साली अर्न्स्ट अँड यंगकडे गेली. अशा कामावर पुष्कळ मुलांची पहिली नोकरी झाली. ते पहिले वाचन आता यंत्र करू लागले आहे, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. राहिले आहे ते दुसरे वाचन : यंत्राने दाखवलेली ओळ खरोखर तसे म्हणते का, हे ठरवणे. आणि तिसरेही, यंत्राला न वाचता येणाऱ्या लिपीचे. ज्या मुलाला मराठी, उर्दू आणि इंग्रजी येते, त्याने सहा महिने मोडीला दिले तर ते वाया जाणार नाहीत. घरात आजोबा गुजराती वाचणारे असतील तर तेही शिकून घ्यावे.

कायद्यातला बदलही विश्वस्तांनी ध्यानात घ्यावा. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे संगणकातील नोंद कोर्टात द्यायची तर सोबत ठरावीक नमुन्यात दोन भागांचे प्रमाणपत्र लागते, एक देणाऱ्याचे आणि दुसरे तज्ज्ञाचे. त्यात फाइलचे ‘हॅश’ मूल्य लिहायचे असते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो. म्हणून कागदाचे छायाचित्र व्हॉट्सअॅपने इकडून तिकडे पाठवून तीच प्रत जपणे धोक्याचे आहे, कारण वाटेत ती आकसते आणि मूळ फाइल राहत नाही.

असे प्रमाणपत्र जुन्या कायद्यातही होतेच. त्याची किंमत जालन्याच्या खटल्याने साऱ्या देशाला कळली. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर भरला असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला आणि पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील चित्रीकरण पुढे केले. पुन्हा पुन्हा मागूनही त्याचे प्रमाणपत्र सरकारी कचेरीने दिले नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूळ साधनच कोर्टापुढे आणले नसेल तर प्रमाणपत्र आवश्यकच आहे. मात्र ज्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सारे केले, त्याला अशक्य गोष्टीसाठी दोष देता येत नाही.

कोणी म्हणेल, आम्हांला कोर्टात जायचेच नाही. पण छाननी आता कोर्टाबाहेरही होते. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे लालबाग-परळच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. त्या कामगारांच्या घरांसाठी म्हाडाने सप्टेंबर २०२३ पासून सुमारे दीड लाख कामगार-वारसांच्या पात्रतेची तपासणी हाती घेतली. कागद संगणकावर आणि भ्रमणध्वनीवरूनही भरण्याची सोय केली. काय मागितले? ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्र, सेवेचा दाखला, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक. मदनपुऱ्यातले मोमीन विणकरही या गिरण्यांत मागावर होते. ज्या घरात म्हाताऱ्याचा लाल पास कुराणशरीफच्या कपाटात जपून ठेवला होता, त्या घराची बाजू बळकट झाली. ज्या घरात चाळ रिकामी करताना तो रद्दीत गेला, त्यांना यंत्र काय मदत करणार?

वक्फ मालमत्तांसाठी केंद्र सरकारने ६ जून २०२५ रोजी ‘उमीद’ नावाचे संकेतस्थळ उघडले. सहा महिन्यांत साऱ्या नोंदी चढवायच्या होत्या. त्या कायद्याबद्दल मतभेद आहेत, वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आहे. त्यात मी येथे शिरत नाही. यंत्राची रचना तेवढी पाहा : मुतवल्लीने नोंद भरायची, वक्फ मंडळाने तपासायची, सरकारी अधिकाऱ्याने मंजूर करायची. मुदत संपली तेव्हा पाच लाखांवर मालमत्तांचे काम सुरू झाले होते, मंजूर दोन लाख सोळा हजारांच्या घरात झाल्या होत्या आणि दहा हजारांहून अधिक नाकारल्या गेल्या होत्या. शेवटच्या आठवड्यात देशभर मुतवल्लींची जी धावपळ झाली ती तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. दप्तर ज्यांचे लावलेले होते त्यांना ते काम सोपे गेले.

म्हणून विश्वस्तांना माझी सूचना अशी. प्रणाली विकत घेण्याची घाई करू नये. या वर्षी कपाट उघडावे. प्रत्येक कागदावर पेन्सिलीने, मागल्या बाजूस, क्रमांक घालावा. मूळ कागदाला छिद्र पाडू नये, चिकटपट्टी लावू नये. एका वहीत क्रमांक, तारीख, लिपी, नावे जशी लिहिली असतील तशी, रस्त्याचे जुने-नवे नाव आणि सी. एस. नंबर लिहावा. धर्मादाय आयुक्तांकडे दाखल केलेले फेरफार अर्ज त्यावरील आदेशांसह वेगळे लावावेत. मग प्रतिमा घ्याव्यात, हॅश त्याच दिवशी वहीत उतरवावा आणि प्रतिमांचे दोन संच दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावेत. मोडीचे आणि फारसीचे कागद एका बाजूला काढले की मला कळवावे. वाचणारे दोन-तीन वृद्ध गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत आणि शिकायला येणाऱ्या मुलांना ते रविवारी सकाळी वेळ देतात.