सायकल : दोन चाकांची सत्तर वर्षे

(उत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



मी वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला वर्कशॉपमधला माणूस. गेल्या वर्षी एका अप्रेंटिस मुलाने विचारले, "साहेब, सायकलची चेन मागच्याच चाकाला का?" बावीस वर्षे चाके-बेअरिंगांत काढूनही मला चटकन उत्तर देता आले नाही. मनातून ओशाळलो आणि वाचायला बसलो.

सायकलची सुरुवात जर्मनीतली. १८१७ साली मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस यांनी लाकडी दोनचाकी चालवली. तिला पायडल नव्हते. जमिनीवर पाय मारीत पुढे जायचे. १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल लागले. पण चेन नसल्याने पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचाही एकच फेरा. वेग हवा, तर चाक मोठे करा! असे करता करता ते दीड मीटर व्यासापर्यंत गेले. एका फेऱ्याला सुमारे ४.७ मीटर. हिशेब चोख, पण स्वार उंचावर, ऐन पुढच्या चाकावर. दगड आडवा आला की तो डोक्यावरच पडायचा.

१८८५ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' सायकल आणली. पुढचे चाक वळण्यासाठी, मागचे चेनने फिरण्यासाठी. आजच्या साध्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दात धरले, तर एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. म्हणजे सत्तर सेंटिमीटरचे चाकही पाच मीटरहून जास्त जाते, आणि पाय जमिनीला टेकतात! १८८८ साली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. तो टायर त्यांनी मुळात मुलाच्या तीनचाकीसाठी केला होता.

माझे वडील तीस वर्षे सायकलनेच शॉपला गेले. त्यांच्यामागे ती व्हरांड्यात गंजत होती. भंगारवाल्याशी भावही मीच ठरवला होता. वाचन झाल्यावर त्याला नाही म्हटले. त्या मुलाला रविवारी घरी बोलावले. दोघांनी फ्री-व्हील खोलले, छर्रे रॉकेलमध्ये धुतले, चेनला तेल दिले. उत्तर त्याला तिथेच, दात मोजून दिले.

आता मी त्याच सायकलने ड्यूटीवर जातो. मुलांचे प्रश्न टाळू नका, एवढेच सांगतो.

गणपती बाप्पा मोरया!