खेळातील ध्वनी आणि मुलांचे कान



चाकण आणि पिंपरी-चिंचवड यांच्या परिसरातील गावांत जी मुले वाढतात, त्यांचे कान यंत्रांना सरावलेले असतात. प्रेसचा दणका, पाळी सुटल्याचा भोंगा आणि हमरस्त्यावरील ट्रकचे कर्णे हे त्यांच्या दिवसाचे घड्याळच होय. यंत्राचा आवाज किंचित बदलला की मुरलेल्या कामगाराला बिघाड कळतो, हेही त्यांपैकी कित्येकांनी घरी ऐकलेले असते. अशा मुलांच्या शाळेत एखादा जुना संगणक असेल, तर त्यावरील खेळाचे ध्वनी बदलण्याचा उपक्रम निव्वळ करमणुकीचा राहत नाही. श्रवण, गणित आणि भाषा या तिन्ही विषयांना त्याचा उपयोग होतो.

संगणकाच्या खेळात ध्वनीचे कार्य काय, हे प्रथम पाहणे इष्ट आहे. १९७८ साली जपानमध्ये निघालेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या खेळात चार खर्जातले स्वर एकामागून एक वाजत राहतात. शत्रू कमी होत जातात तसतशी त्या स्वरांची लय वाढते आणि खेळणाराची छाती धडधडू लागते. पडद्यावरील चित्रे अगदी साधी आहेत. उत्कंठा उत्पन्न होते ती कानांच्या द्वारे.

पुढे १९९३ साली अमेरिकेत 'डूम' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यातील हिंसा पाहता तो प्राथमिक शाळेत आणण्याजोगा मुळीच नाही. परंतु त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. खेळ चालविणारी यंत्रणा एकीकडे आणि चित्रे, नकाशे व ध्वनी यांचा साठा दुसरीकडे, अशी विभागणी त्याच्या कर्त्यांनी केली होती. नवा ध्वनी जुन्याच नावाने एका लहान पुरवणी-फाइलीत ठेवून ती मूळ साठ्यासोबत उघडली, म्हणजे जुन्याच्या जागी नवा ध्वनी ऐकू येई. मूळ साठ्याला मात्र धक्का लागत नसे. मूळ न मोडता बदल करण्याची ही शिस्त शाळेनेही उचलावी.

त्या खेळातील ध्वनी सेकंदाला ११,०२५ आकड्यांच्या स्वरूपात साठविलेले होते व प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यानचा असे. तीन सेकंदांच्या ध्वनीस किती आकडे लागतील? ३३,०७५. हेच आकडे दुप्पट वेगाने वाजविले तर ध्वनी दीड सेकंदात संपतो आणि मध्य सप्तकातला 'सा' तार सप्तकात जातो. उलटपक्षी, सेकंदाला इतकेच आकडे असल्यामुळे सुमारे ५,५०० कंपनांपलीकडील ध्वनी त्यात मावत नाही, म्हणून 'स' आणि 'श' यांची धार बोथट होते. गुणाकार, संगीत आणि वर्णोच्चार यांचा असा मेळ पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडतो.

प्रत्यक्ष उपक्रमासाठी 'सुपरटक्स' हा खेळ सोयीचा आहे. पेंग्विन पक्ष्याच्या उड्यांचा हा खेळ विनामूल्य मिळतो आणि त्यात फेरफार करण्याची मुभा त्याच्या परवान्यानेच दिलेली आहे. त्याचे ध्वनी एका स्वतंत्र कप्प्यात, उडीचा वेगळा, नाण्याचा वेगळा, असे सुट्या फाइलींत ठेवलेले असतात. शिक्षकाने प्रथम संपूर्ण खेळाची प्रत करावी आणि काम त्या प्रतीवरच करावे. भ्रमणध्वनीवर मुद्रित केलेला ध्वनी 'ऑडॅसिटी' या विनामूल्य साधनाने कापून नीट करावा आणि मूळ फाइलीच्याच नावाने व प्रकाराने त्या जागी ठेवावा. उडीसाठी विहिरीत दगड पडल्याचा 'डुबुक', नाण्यासाठी काशाच्या वाटीवरील चमच्याचा नाद, असे पर्याय मुलांनीच शोधावेत. कोणता ध्वनी कोणत्या क्रियेस शोभतो आणि का, यावर वर्गात चर्चा घडवावी. निवडीचे कारण एका वाक्यात लिहावयास सांगितले, तर निबंधाची पहिली पायरी तेथेच चढली जाते.

या पट्ट्यातील वर्गांत मराठवाड्यातून, विदर्भातून, त्याचप्रमाणे बिहार, उत्तर प्रदेश व ओडिशा येथून आलेल्या कामगारांची मुले एकत्र बसतात. समजा, ओडिशातून नुकतीच आलेली एखादी मुलगी वर्गात तोंड उघडत नाही. मराठी वाक्य चुकेल ही तिला भीती आहे. कोंबड्याच्या आरवण्याची नक्कल करावयास मात्र व्याकरण लागत नाही. मराठी मूल 'कुकूच कू' म्हणते, हिंदी मूल 'कुकडू कू' म्हणते. मग तिच्या घरी काय म्हणतात, हे तिला विचारता येते. तिचा ध्वनी खेळात वाजला, म्हणजे तिची जागा वर्गात निश्चित झाली असे समजावे.

येथेच धोकाही आहे, आणि त्याची जाणीव शिक्षकाने सतत ठेवली पाहिजे. मुद्रित आवाज एका तासात शंभर वेळा वाजतो. त्याच मुलीचा अडखळता उच्चार पडद्यावर आपटणाऱ्या प्राण्यास कुणी जोडला, तर तिची चेष्टाही शंभर वेळा होते, आणि उघडू पाहणारे तोंड कायमचे मिटते. म्हणून तीन नियम प्रारंभीच फळ्यावर लिहावेत: ज्याचा आवाज त्याची संमती, कोणाच्या बोलीची नक्कल हसण्यासाठी नाही, आणि आपला आवाज काढून टाकण्याचा अधिकार प्रत्येकास, कारण न सांगता. हे नियम पाळता येत नसतील, तर उपक्रम न केलेला बरा.

असला खेळ शिकून पुढे काय उपयोग, असा प्रश्न पालक विचारतील. त्याचे उत्तर त्यांच्या गावाशेजारीच आहे. विजेवर चालणारी मोटार संथ गतीत जवळजवळ निःशब्द असते. पादचाऱ्यास, विशेषतः अंध व्यक्तीस, तिची चाहूल लागावी म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या २०१६ च्या १३८ व्या नियमाने ताशी २० किलोमीटरपर्यंतच्या वेगास कृत्रिम ध्वनीची तरतूद केली. महिंद्र कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर केलेल्या विजेच्या मोटारींसाठी संगीतकार ए. आर. रहमान यांनी ध्वनी रचले, आणि त्या मोटारी तयार झाल्या त्या चाकणच्या कारखान्यात. यंत्राने कोणता आवाज काढावा, हेही आता माणसाला ठरवावे लागते.

या मुलांना यंत्रे पुष्कळ दिसतात, पण ती दुसऱ्या कोणी तरी कायमची ठरवून ठेवली आहेत अशीच दिसतात. आपण मुद्रित केलेला 'डुबुक' पेंग्विनच्या उडीबरोबर ज्या क्षणी वाजतो, त्या क्षणी मुलाला कळते की, यंत्रात जे आहे ते माणसाने घातले आहे, आणि नीट ऐकून, विचार करून ते बदलता येते. एवढे कळण्यास जुना संगणक, एक भ्रमणध्वनी आणि शनिवारची सकाळ पुरेशी आहे.