एक माती, चार आकडे



ऐन वैशाखात वर्ध्यासारख्या गावी, जेथे पारा पंचेचाळीसच्या घरात जाऊन बसला तरी कोणास ती बातमी वाटत नाही, तेथे उष्णतेवर बोलावयास उभे राहणे हे काहीसे धारिष्ट्याचे असले, तरी माझा आजचा विषय उष्णतेपेक्षा तिच्या हिशेबाचा आहे. भिंत, छप्पर किंवा वाफेच्या नळावरील वेष्टन किती उष्णता पार जाऊ देते हे सांगणारी जी उष्णतावाहकता, तिची जुनी ब्रिटिश मापातली किंमत दशमान मापात कशी आणावी, एवढाच तो विषय. आणि तो दिसतो तितका कारकुनी नाही, असे माझे मत आहे.

1956 सालच्या 1 नोव्हेंबरला आपला जिल्हा जुन्या मध्यप्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात रुजू झाला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात वजनमापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा संमत झाला आणि पुढील वर्षी 1 एप्रिलपासून नवे पैसे हाती खुळखुळू लागले. शेराचा किलो करताना बाजारात कुरकुर झाली खरी. पण तेथे एका राशीचे एकच गुणोत्तर होते, ते पाठ झाले की काम भागत असे. उष्णतावाहकतेत एक नव्हे, पाच मापे गुंतलेली आहेत: उष्णता, काळ, क्षेत्रफळ, जाडी आणि तपमानातील अंतर. फ्रेंच गणिती फूरिये याने 1822 साली आपल्या ग्रंथात या पाचांचा संबंध सिद्ध केला आणि प्रत्येक राशीच्या मापाचा घातांक तपासून पाहण्याची शिस्तही त्यातच घालून दिली. आपण तो संबंध वापरतो आणि ती शिस्त विसरतो.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. एक ब्रिटिश उष्मांक म्हणजे 1055 ज्यूल; तो तासाला जात असेल तर 3600 ने भागून 0.293 वॉट. फूट म्हणजे 0.3048 मीटर, आणि फॅरनहाइटचा एक अंश म्हणजे सेल्सिअसच्या अंशाचा पाच-नवमांश. ही आकडेमोड केली, की ताशी, फुटामागे, अंशामागे एक ब्रिटिश उष्मांक म्हणजे मीटरमागे, अंशामागे 1.73 वॉट असे उत्तर येते. येथपर्यंत कोणासही शंका नसावी. परंतु इमारतींच्या आणि शीतगृहांच्या जुन्या कोष्टकांत दुसराच रिवाज आहे: क्षेत्रफळ चौरस फुटात, पण जाडी इंचात. कारण उघड आहे. गवंडी भिंतीची जाडी इंचात सांगतो, ‘नऊ इंची भिंत’ म्हणतो, आणि कोष्टक करणाऱ्याने त्याची सोय पाहिली. त्या एककाचा गुणक 0.144 आहे, म्हणजे पहिल्याच्या बरोबर बारावा हिस्सा. दोहोंचे चिन्ह एकच, दोहोंत उष्मांक, तास आणि फॅरनहाइट तेच. आणि घाईने उतरवून घेणाऱ्याच्या वहीत तर नुसता आकडाच उरतो.

एकाच नावाचा असा घोटाळा आपल्याकडे घडलेलाही आहे. गांधीजी 1936 साली ज्या गावी येऊन राहिले, त्याचे नाव शेगाव. बुलढाण्याकडील प्रसिद्ध शेगावशी त्याचा घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाई, म्हणून 1940 साली त्याचे सेवाग्राम झाले. उष्णतावाहकतेच्या या दोन एककांचे नामांतर मात्र कोणी केले नाही, आणि तेथील टपाल आजही चुकते.

सेवाग्रामचा उल्लेख झालाच आहे, तर तेथल्यासारख्याच मातीच्या भिंतीवर उदाहरण मांडू. मातीच्या विटेची वाहकता आपल्याकडील इमारतशास्त्राच्या कोष्टकांत मीटरमागे सुमारे 0.75 वॉट धरतात. हीच किंमत फुटाच्या मापात 0.433, इंचाच्या मापात 5.2, आणि दशमानाच्या आरंभीच्या काळात अभियंते जी किलोकॅलरी वापरीत तिच्यात 0.645. माती एक, आकडे चार! आता दीड फूट जाडीची भिंत घ्या आणि तिच्या दोन पृष्ठांत दहा अंश सेल्सिअसचे अंतर धरा. या अंतराचे फॅरनहाइटमध्ये पन्नास करणारे विद्यार्थी दरसाल निघतात. बत्तीस मिळवायचे ते तपमानाच्या वाचनात, अंतरात नव्हे. अंतर अठरा अंश. जाडीही अठरा इंच. दोन्ही अठरा कटले, आणि उत्तर चौरस फुटास ताशी 5.2 उष्मांक, म्हणजे चौरस मीटरला 16.4 वॉट. त्याच 5.2 ला फुटाचा आकडा समजलात, तर तीच गरीब भिंत 197 वॉट आत सोडते आणि तिच्या मालकाला यंत्रविक्रेता बारापट शक्तीचे थंडाव्याचे यंत्र गळी उतरवू शकतो.

भाजक्या विटेची वाहकता 0.81; मातीहून फारशी अधिक नाही. तरीही नऊ इंची पक्क्या भिंतीतून त्याच अंतराला 35 वॉट येतात, ते जाडी निम्मी झाल्यामुळे. ‘मातीच थंड’ असे जे कौतुकाने म्हटले जाते त्याचा मोठा वाटा जाडीच्या खाती जमा करावा लागेल. शिवाय दुपारची झळ दीड फूट मातीतून आत पोचण्यास हिशेबाने अर्ध्या दिवसाहून अधिक काळ लागतो आणि तोवर बाहेर रात्र झालेली असते. हा गुण एकट्या वाहकतेच्या आकड्यात दिसत नाही, त्यास घनता आणि विशिष्ट उष्माही लागतात.

मातीच्या भिंतीवरचे कवेलू गेले आणि टिनाचे पत्रे आले, तेव्हापासून छताखाली काचलोकर घालण्याची निकड आमच्या जिल्ह्यात वाढली आहे, आणि तिच्याबरोबर अमेरिकी धर्तीची माहितीपत्रकेही येऊ लागली आहेत. त्यांत वाहकतेऐवजी अवरोध, म्हणजे जाडीला वाहकतेने भागून येणारा आकडा, छापतात. चार इंची काचलोकरीचा अवरोध आपल्या मापात अडीच आणि त्यांच्या मापात चौदा. दोहोंतील गुणक 5.68. एकक छापले असेल तर प्रश्नच नाही. नुसता वाहकतेचाच आकडा असेल आणि एकक गाळले असेल, तर एक कसोटी सांगतो. काचलोकर आपल्या तंतूंत हवा कोंडूनच काम करते, आणि स्थिर हवेची वाहकता मीटरमागे 0.026 वॉट आहे. तिच्याखाली ही लोकर जाऊ शकत नाही. म्हणून 0.023 दिसले तर तो फुटाचा आकडा समजावा व 1.73 ने गुणावा, 0.28 दिसले तर इंचाचा समजून 0.144 ने, दोन्ही वाटांनी 0.04 च्या आसपासच येते.