जुन्या लाकडाची जपणूक

(ज्युबिली-सप्ताहांत धर्मग्रामस्थांपुढें केलेलें भाषण)



ज्युबिली-समितीनें आम्हांस बोलावयास सांगितलें, तेव्हां आमच्या मनांत प्रथम संकोच उत्पन्न झाला. या व्यासपीठावरून आपण आपल्या धर्मग्रामाचा इतिहास ऐकिला, शिक्षणासंबंधीं व आरोग्यासंबंधीं विद्वानांचे विचार ऐकिले; आणि आम्ही बोलणार तें बाकें, कपाटें व पेटारे यांच्याविषयीं! परंतु उत्सव आला म्हणजे घरोघरीं आणि देवालयांतही रंगाचे डबे उघडतात, काचकागद बाहेर निघतो, व जुनें तें नवें करून टाकण्याची घाई होते. जुन्या लाकडास हीच वेळ सर्वांत धोक्याची असते. म्हणून हा विषय आजच मांडणें आम्हांस अवश्य वाटलें.

प्रथम आमची स्वतःचीच चूक सांगतों. आमच्या घरीं आजोबांच्या वेळचा एक सागवानी पेटारा होता. घरांत लग्न निघालें, तेव्हां तो मळकट दिसतो म्हणून आम्हीं तो आंतूनबाहेरून खरवडून घेतला व त्यावर तपकिरी तेलरंगाचे दोन हात दिले. पेटारा चकचकीत झाला. लग्न आटोपल्यावर आमच्या वृद्ध आत्याबाई त्याच्यापाशीं बसल्या, त्यांनीं झांकण उघडलें, आणि बराच वेळ त्या कांहींच बोलल्या नाहींत. झांकणाच्या आंतल्या बाजूस आजोबांनीं आपल्या प्रत्येक मुलाच्या बाप्तिस्म्याची तारीख शाईनें लिहून ठेविली होती. लहानपणींच वारलेल्या दोघांचीही. आम्हीं तिकडे कधीं नीट पाहिलेंच नव्हतें. त्या तारखा धर्मग्रामाच्या नोंदवहींत सांपडतील. आजोबांचें अक्षर आतां कोठेंही सांपडणार नाहीं.

त्या दिवसापासून आम्ही एक गोष्ट शिकलों. मळ काढणें निराळें आणि वय काढून टाकणें निराळें. पहिलें काम सफाईचें, दुसरें नासधुशीचें होय.

वसईचा किल्ला आपण पाहिलाच असेल. १५३४ सालच्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ सालीं मराठ्यांनीं ती जिंकली. किल्ल्यांतील संत जोसेफ यांच्या देवालयाचा मनोरा व भिंती आजही उभ्या आहेत. पण त्याच्या छपराचें व वेद्यांचें लाकूडकाम तेथें उरलेलें नाहीं. दगड उपेक्षा सोसतो, लाकूड सोशीत नाहीं. उलटपक्षीं गोव्यांतील ख्रिस्ती कलेचें संग्रहालय पाहावें. तें १९९४ सालीं राशोल येथें उघडलें व २००२ सालीं जुन्या गोव्यांतील सान्ता मोनिकाच्या मठांत आलें. तेथें आज लोक ज्या लाकडी वस्तु आदरानें पाहतात, त्या एकेकाळीं कोणत्या ना कोणत्या देवालयांत वा घरांत नित्याच्या वापरांतल्याच होत्या. कोणी तरी त्या टाकून दिल्या नाहींत, एवढेंच.

लाकूड झाडापासून तुटलें तरी त्याची हवेशीं देवघेव थांबत नाहीं. पावसाळ्यांत तें ओलावा शोषून फुगतें, कोरड्या हवेंत तो सोडून आक्रसतें. आणि ही वाढघट रेषांच्या आडव्या दिशेनें होते, लांबीच्या दिशेनें जवळजवळ होतच नाहीं. जुन्या सुतारास हें पक्कें ठाऊक होतें. म्हणूनच तो कपाटाच्या दाराची फळी चौकटीच्या खांचेंत नुसती बसवीत असे. खिळ्यानें वा सरसानें ती जखडीत नसे. ती खुळखुळते म्हणून कोणी खिळे ठोकले, कीं पुढल्या उन्हाळ्यांत ती तडकलीच म्हणून समजावें.

आपल्या देवालयाच्या वेदीमागील खोलींत धर्मगुरूंच्या वस्त्रांचें रुंद खणांचें जें सागवानी कपाट आहे, तें काढून टाकावें अशी सूचना पुढें आल्याचें आम्ही ऐकतों. कारण असें सांगतात कीं, पावसाळ्यांत त्याचे खण अडकतात. बंधूंनो, तेच खण नाताळच्या सुमारास एका हातानें उघडतात, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. श्रावणांत त्यांवर रंधा मारला, तर नाताळांत ते लटपटूं लागतील. खणाच्या खालच्या कडांवर व तो ज्या पट्ट्यांवरून सरकतो त्यांवर मेणबत्तीचा तुकडा कोरडाच घासावा, आणि कोरड्या दिवशीं कपाट उघडून हवा खेळूं द्यावी. एवढ्या उपायानें काम भागत असतां कपाटास घालवून देणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं.

आतां सफाईसंबंधीं. मऊ कुंचला व धुवून धुवून मऊ झालेलें सुती फडकें, हीं पहिलीं साधनें. जुन्या लुगड्याचें फडकें सर्वांत उत्तम. कोरीव कामांतली धूळ कुंचल्यानें काढावी. कुंचल्याच्या पत्र्याच्या पट्टीस चिंधी गुंडाळावी, म्हणजे ओरखडा पडत नाहीं. जेथें रंग सुटत आहे, सोन्याचा वर्ख आहे, किंवा हस्तिदंताचें वा शिसवीचें जडावकाम आहे, तेथें पाणी लावूंच नये. इतरत्र हातांचा मळ कोरड्या फडक्यानें जात नसेल, तर कोमट पाण्यांत सौम्य साबणाचे दोनतीन थेंब घालावे, फडकें बुडवून घट्ट पिळावें, आणि आधीं न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून पाहावें. वरचा थर चिकट लागला किंवा पांढरट झाला, तर तेथेंच थांबावें. नाहीं तर रेषांच्या दिशेनें हातभर जागा पुसावी व लगेच कोरडी करावी. बाकावर मेणबत्तीचें मेण सांडलें असेल तर सुरी घेऊं नये. पिशवींत बर्फ घालून त्यावर क्षणभर ठेवावा, व मेण ठिसूळ झालें कीं बोथट लाकडी पट्टीनें तें उचलावें.

जुन्या सामानावरील चकाकी पुष्कळदां लाखेच्या पॉलिशची असते. चपडा लाख स्पिरिटांत विरघळवून तें पॉलिश करितात. म्हणून स्पिरिट, अत्तर वा हात चोळण्याचें आजचें सॅनिटायझर त्यावर सांडलें, तर तें पुन्हां विरघळूं लागतें. गरम भांडें ठेविल्यानें उमटलेलें पांढरें वर्तुळ म्हणजे त्या पॉलिशमध्यें शिरलेला ओलावा. तें कित्येकदां आपोआप फिकें पडतें. डाग काळा असेल, तर पाणी खालच्या लाकडापर्यंत पोंचलें असें समजावें. त्याच्या मागें लागून लाकूड खरवडूं नये.

आपल्याकडे खोबरेल तेलाचा हात फिरविण्याची चाल आहे. त्यानें घटकाभर तेज येतें खरें. पण खोबरेल कधीं वाळत नाहीं, धूळ धरून ठेवितें व खवट होतें. जवसाचें तेल वाळतें, परंतु कालांतरानें काळवंडतें. शिवाय त्यांत भिजलेलीं फडकीं गोळा करून टाकलीं तर तीं आपोआप पेट घेऊं शकतात. तीं पसरून वाळवावीं. पितळी मुठी जागेवरच चिंचेनें घासण्याचीही संवय सोडावी. तें आंबट पाणी भोंवतालच्या पॉलिशवर डाग पाडतें. तेज हवेंच असेल तर मधमाशांचें मेण किसून तिप्पट टर्पेंटाइनमध्यें, झांकणाच्या बरणींत, विस्तवापासून दूर भिजत ठेवावें. एकदोन दिवसांत तें लोण्यासारखें होतें. पॉलिश शाबूत असेल तेथें वर्षांतून एकदां, दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर, त्याचा अगदीं पातळ हात द्यावा, व थोड्या वेळानें स्वच्छ फडक्यानें चोळून काढावा. जाड थर दिला तर तो मळच धरील.

वाळवी बहुधा मातीची नळी करून भिंतीवरून येते. म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटें दूर असावें, म्हणजे ती नळी वेळींच दिसते. सागाच्या गाभ्यास वाळवी सहसा लागत नाहीं. पण सालीजवळचें पांढरट लाकूड व आंब्याच्या फळ्या ती सोडीत नाहीं. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचीं बारीक भोंकें दिसलीं म्हणून लगेच घाबरूं नये. तीं फार जुनीं असूं शकतात. खालीं काळा कागद पसरावा. आठवड्यानें त्यावर पिठासारखा ताजा भुगा पडलेला दिसला, तर कीड जिवंत आहे. मग ती वस्तु इतरांपासून वेगळी करून जाणकारास दाखवावी. रॉकेल मात्र ओतूं नये. जेथें मेणबत्त्या जळतात तेथें तर मुळींच नाहीं.

दुरुस्तीविषयीं दोनच शब्द. जुने सांधे सरसानें जोडलेले असत. ऊब व ओल दिली कीं तो सरस सुटतो, म्हणून कित्येक वर्षांनींही सांधा न मोडतां उकलून पुन्हां जोडतां येतो. आजचा पांढरा गोंद तितक्या सहज सुटत नाहीं, आणि खिळा तर लाकूड फाडतो. डुगडुगणारी खुर्ची बाजूस ठेवावी व सरस जाणणारा सुतार मिळेपर्यंत धीर धरावा. पुढल्या पिढीस जें उलगडतां येईल, तेंच काम आपण करावें.

समितीस आमची विनंति एवढीच कीं, तें कपाट जागेवर राहूं द्यावें, आणि त्याच्या वरच्या खणांत एक लहान वही ठेवावी. कोणत्या दिवशीं काय पुसलें, कोणतें मेण लावलें, कोणता सांधा जोडला, तें तींत लिहीत जावें. पुढल्या ज्युबिलीस जे येथें उभे राहतील, त्यांस आपलें अक्षर वाचावयास मिळेल. आणि आपणां सर्वांस विनंति ही कीं, रंगाचा डबा उघडण्यापूर्वीं आपल्या घरच्या पेटाऱ्याचें झांकण एकदां उघडावें व उजेडांत आंत नीट पाहावें.