कुलसचिव ते कुलगुरू

छत्रपती संभाजीनगरातल्या शहागंजच्या घड्याळ मनोऱ्यापासून रिक्षा करून विद्यापीठात जाणाऱ्या कितीजणांना एस. आर. डोंगरकेरी हे नाव ठाऊक असेल? २३ ऑगस्ट १९५८ला सुरू झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू. त्याआधी मुंबई विद्यापीठात कुलसचिव. म्हणजे परीक्षा, इतिवृत्तं, हिशेब, नियम. फायलींत वाढलेला माणूस! पण फायली हातावेगळ्या करताना त्यांनी विद्यापीठांच्या प्रश्नांवर पुस्तकं लिहिली, मुंबई विद्यापीठाच्या शंभर वर्षांचा इतिहासही लिहिला. प्रशासकाचं प्रशिक्षण मला तरी यातच दिसतं. आज प्राध्यापकांसाठी उजळणी वर्ग आहेत, बढतीसाठी ते मोजलेही जातात. पण प्राध्यापकाचा प्राचार्य झाला, की अंदाजपत्रक, सेवापुस्तक, आरक्षणाची बिंदुनामावली आणि कोर्टाच्या तारखा त्याला बहुधा कार्यालयातले मुख्य लिपिकच शिकवतात.