मध्य, मध्यक आणि न वाचलेला प्रश्न

परीक्षेतील गणित चुकले की मुलाला गणित येत नाही, असा निवाडा घरोघरी तत्काळ दिला जातो. शिष्यवृत्तीच्या वा बँकेच्या भरती परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या वह्या चाळल्या, म्हणजे मात्र निराळेच काही दृष्टीस पडते. बेरीज बिनचूक, भागाकार बिनचूक आणि उत्तर चूक! जे विचारले होते त्याचे उत्तर दिलेलेच नसते. जे विचारले नव्हते त्याचे मात्र अगदी अचूक दिलेले असते. सरासरी आणि मध्यक यांच्या उदाहरणांत हा प्रकार विशेष आढळतो.

श्रोत्यांनी कागद-पेन्सिल जवळ घेतली असेल, तर १४, ६, २१, ९, १० या पाच संख्या लिहून पाहाव्यात. यांचा मध्यक काढावयाचा आहे. कोणी तत्परतेने मधली दिसणारी २१ ही संख्या उचलतो. कोणी ६० ही बेरीज करून तिला ५ ने भागतो आणि १२ लिहितो. वस्तुतः मध्यक म्हणजे संख्या चढत्या वा उतरत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी संख्या. ६, ९, १०, १४, २१ अशी मांडणी केली की उत्तर १० येते. परंतु प्रश्नपत्रिका काढणारा गृहस्थ मोठा चतुर असतो. तो चार पर्यायांत १० च्या शेजारी १२ आणि २१ हेही छापून ठेवतो. चुकलेल्या मुलाला आपले उत्तर समोर दिसते आणि त्याचा उरलासुरला संशयही मावळतो. बँकांच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी चौथा हिस्सा कापला जातो. म्हणजे कोरा सोडलेला प्रश्न त्याहून स्वस्त पडतो.

या घोटाळ्याला नावेही काही अंशी जबाबदार आहेत. मराठी पाठ्यपुस्तकांत सरासरीला ‘मध्य’ म्हणतात आणि मधल्या संख्येला ‘मध्यक’. फरक काय तो एका अक्षराचा! इंदूर-ग्वाल्हेरकडील मुलांच्या हिंदी पुस्तकांत हीच जोडी ‘माध्य’ आणि ‘माध्यक’ अशी येते. बडोद्याच्या मराठी कुटुंबात तर याहून मौज आहे. गुजराती पुस्तकांत ‘मध्यक’ म्हणजे सरासरी, आणि मधल्या संख्येला तेथे ‘मध्यस्थ’ म्हणतात. वडील मराठी शाळेत शिकलेले, मुलगी गुजराती शाळेत जाणारी. वडील संख्या क्रमाने मांडावयास सांगतात, मुलगी बेरीज करू लागते. दोघेही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर असतात. गुण जातात ते मात्र मुलीचे. अशा घरी शिकवणीला बसण्यापूर्वी मुलीच्या पुस्तकातील व्याख्या वडिलांनी एकदा वाचून घेतलेली बरी. कानडीतही सरासरीला सरासरीच म्हणतात, तेव्हा बेळगावकडे निदान तेवढी सोय आहे.

सरासरीची रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त खणलेल्या खड्ड्याची रुंदी सारखी नसेल तर काय करावे, हे सांगितले आहे. ती अनेक ठिकाणी मोजावी आणि मापांच्या बेरजेला जितक्या ठिकाणी मोजले त्या संख्येने भागावे. यातील ‘जितक्या ठिकाणी’ हेच आजचा परीक्षार्थी विसरतो. एका तुकडीत ४० मुले, सरासरी ६० गुण. दुसरीत २० मुले, सरासरी ७५ गुण. दोन्ही तुकड्यांची मिळून सरासरी किती? पुष्कळ जण साडेसदुसष्ट सांगून मोकळे होतात. एकूण गुण ३९००, मुले ६०, उत्तर ६५. तीच गत वेगाची. १२० किलोमीटरवरच्या गावी ताशी ४० ने गेले आणि ताशी ६० ने परत आले, तर जाण्यास ३ तास आणि येण्यास २ तास लागतात. २४० किलोमीटर ५ तासांत, म्हणजे सरासरी वेग ४८, पन्नास नव्हे. दोन्ही वेगांनी सारखाच वेळ प्रवास झाला, असे प्रश्नात असते तर ५० हे उत्तर बरोबर ठरले असते. एका शब्दाने उत्तर पालटते, आणि तो शब्दच घाईत डोळ्यांखालून निसटतो. ३५ मुलांच्या सरासरी १४ वर्षे वयात शिक्षकांचे वय मिळवल्यावर सरासरी १ वर्षाने वाढते, या जुन्या उदाहरणात शिक्षकांसह माणसे ३६ होतात. हे ध्यानात न घेणारा विद्यार्थी ५० वर्षांच्या गुरुजींना ३५ वर्षांचे करून टाकतो!

आता एक दुकान घ्या. चार नोकरांचे पगार १२, १२, १३ आणि १४ हजार, व्यवस्थापकाचा ९९ हजार. सरासरी ३० हजार, मध्यक १३ हजार. ‘सरासरी पगार तीस हजार’ अशी जाहिरात या दुकानाने दिली, तर ती खोटी म्हणता येणार नाही. पण तेथे नव्याने लागणाऱ्या मुलाच्या हाती बहुधा बारा-तेरा हजारच पडतील. परीक्षक यापुढे विचारतो की, व्यवस्थापकाचा पगार आणखी १० हजारांनी वाढला तर मध्यक किती होईल? सरासरी ३२ हजारांवर जाते. मध्यक १३ हजारांवरच राहतो, कारण मधला माणूस जागचा हललेलाच नाही. हे एका दृष्टिक्षेपात कळण्यासारखे असूनही कित्येक मुले येथे पुन्हा पाचही पगारांची बेरीज करावयास बसतात.