रोजच्या कामावर देवाचा आशीर्वाद



महोत्सवानिमित्त 'रोजच्या कामावर देवाचा आशीर्वाद' या विषयावर ख्रिस्ती धर्माच्या आधारे दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली. आम्ही मुसलमान घरातले, पेशाने शिक्षक. वर्गात खडू हाती घेताना 'बिस्मिल्ला' म्हणणे आमच्या अंगवळणी पडलेले आहे. या बडोदे शहरात आपल्यापैकी कित्येकांच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची व यंत्रांची पूजा होते. तेव्हा विषय कोणालाच परका नाही. शेजाऱ्याच्या घरी हीच गोष्ट कशी चालते, एवढेच पाहावयाचे आहे.

ख्रिस्ती धर्मग्रंथातील थोर माणसे हातांनी काम करणारी होती. येशू स्वतः सुतार, त्याचे पहिले शिष्य कोळी, तर संत पौल तंबू तयार करून पोट भरी. येशूने शिकविलेल्या प्रार्थनेत भाकरी मागितली आहे, पण ती आजच्या दिवसापुरती. कोठार भरून देण्याची मागणी तीत नाही.

हीच भावना आपल्या कोकणपट्टीत शेतावर दिसते. मुंबई-वसईकडील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' साजरा करतो. भाताची पहिली कणसे वाजतगाजत देवळात नेतात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात. गोव्यात हाच कणसांचा सण राय गावी ५ ऑगस्टला, तर ताळगावी २१ ऑगस्टला होतो. नांगरणी, लावणी, बेणणी हे सारे शेतकऱ्याने आधीच केलेले असते. आशीर्वाद कष्टाच्या बदली येत नाही, तो कष्टावर येतो.

परंतु येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. परीक्षेच्या दिवसांत मुले देवाला नवस बोलतात आणि अपयश आले की विचारतात, "गुरुजी, प्रार्थना करून काय मिळाले?" मोठी माणसे हे बोलून दाखवीत नाहीत, पण मनात तेच असते. आशीर्वाद म्हणजे संकट न येण्याची हमी आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडते. १८५८ साली जन्मलेल्या या विदुषीने १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७ च्या दुष्काळात तिने अनाथ मुली व विधवा आणून केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना आसरा दिला. तेथे प्रार्थना होई, तसेच शेती, विणकाम आणि छपाईही चाले. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणावे म्हणून रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि वर्षानुवर्षे भाषांतर करीत राहिल्या. खिळे जुळविण्याचे काम आश्रमातील स्त्रियाच करीत.

एवढ्या भक्तीने चाललेल्या कामात १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. आईचा उजवा हातच गेला. रमाबाईंनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनीही देह ठेवला. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ साली, त्यांच्या माघारी, त्या स्त्रियांच्या हातून. आशीर्वादाने रमाबाईंचे दुःख टळले नाही. पण दुःखातही हात थांबले नाहीत, आणि ज्या हातांना समाजाने निरुपयोगी ठरविले होते त्यांनीच ते काम तडीस नेले. आमच्या मते आशीर्वाद तो हाच.

आपल्या ट्रस्टचेही असेच आहे. ज्यांनी पहिली वर्गणी गोळा केली त्यांतील कित्येक आज हा दिवस पाहावयास नाहीत. पण त्यांनी लावलेल्या रोपाची कणसे आज आपल्या हाती आली आहेत. पहिल्या कणसाचा मान देवाचा, आणि देवाचा वाटा म्हणजे गरजवंताचा वाटा, हे आपण ध्यानी धरू या. उद्या सकाळी कोणी दुकान उघडील, कोणी चूल पेटवील, आम्ही हजेरीपट उघडू. प्रत्येकाने आपापल्या शब्दांत एवढेच मागावे: आजचे काम प्रामाणिकपणे होवो, आणि ते दुसऱ्याच्या उपयोगी पडो.